बाईंचं टेबल आणि तहसीलचे सहा गठ्ठे

शिक्षकांना टाईम मॅनेजमेंट शिकवायला माणसांची कमी नाही. ट्रेनिंगला गेलं की पीपीटी असते, त्यात चार चौकोन असतात, महत्त्वाचं, तातडीचं, दोन्ही नसलेलं वगैरे, आणि हे सगळं चालू असतानाच समोर बसलेल्याच्या मोबाईलवर केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या) ग्रुपचा मेसेज येतो की सोबतची लिंक आज ३ वाजेपर्यंत भरावी, अत्यंत तातडीचे. मग त्या चौकोनांचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मी तालुक्यात साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना मदत करायला, शाळा बघत फिरते, त्यातली एक शाळा इथं सविस्तर लिहिते, कारण तिथं वेळ वाचला तो चौकोनांनी नाही, टेबलाने वाचला. शाळेचं आणि बाईंचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

शाळा कशी आहे

माणदेशातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पट ४१. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, हिशोबाने ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे पहिली-दुसरीची १५ मुलं सरांकडे आणि तिसरी-चौथी-पाचवीची २६ बाईंकडे. शिवाय मुख्याध्यापकाचा चार्ज बाईंकडे. हे शिवाय वाटतं तेवढं छोटं नाही, कारण चार्ज म्हणजे जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद), दाखले, कॅशबुक, आवक-जावक, पोषण आहाराचा साठा, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाईन माहिती), आणि कुणी आलं की त्याला चहा. ऑफिस वेगळं नाही. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागं किचनशेड. म्हणजे बाईंचं टेबल हेच वर्गाचं टेबल आणि तेच ऑफिस.

बाई कामाला चोख आहेत. अक्षर सुंदर, मुलांना वाचन येतंय, गावात मान आहे. तरी त्यांचं एकच म्हणणं होतं, "ताई, मी दिवसभर बसत नाही, तरी संध्याकाळी टाचण (उद्याच्या पाठाची लेखी तयारी) घरी न्यावं लागतं आणि वह्या तर रविवारीच." अशा माणसाला नियोजन करा म्हणून सांगणं म्हणजे अपमानच आहे. म्हणून आधी फक्त मागच्या बाकावर बसून बघितलं.

एक बोनाफाईड

त्या दिवशी गणिताचा तास होता, चौथीला भागाकार, तिसरीला गुणाकाराची उदाहरणं फळ्यावर दिलेली, पाचवी शिष्यवृत्तीच्या सरावाला बसवलेली. बहुवर्ग शाळेत ही घडी बसवायलाच दहा मिनिटं जातात आणि ती बसली होती. तेवढ्यात दारात एक पालक. "बाई, पोराचं एक बोनाफाईड पायजे हुतं, आजच तालुक्याला जायचंय."

बाईंनी खडू ठेवला. कपाटाची किल्ली पर्समध्ये, पर्स खिडकीत. गोदरेजचं कपाट उघडलं तर जनरल रजिस्टर पोषण आहाराच्या दोन वह्यांच्या आणि गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांच्या खाली. ते ओढताना वरचा गठ्ठा घसरला, तो दोन मुलांनी उचलून बाकावर ठेवला (आणि तो पुढं आठवडाभर त्या बाकावरच होता). रजिस्टर नंबर सापडला, आता बोनाफाईडचं बुक, ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, पण ड्रॉवर अर्धाच उघडतो कारण आत नकाशाची गुंडाळी आडवी अडकलेली. हात घालून बुक काढलं. लिहिलं, अक्षरी जन्मतारीख लिहिली, सही केली. शिक्का सापडला पण पॅड वाळलेलं. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, शिक्का फिकट उठला, परत मारला. पालक गेले. तोवर तिसरीची उदाहरणं संपून तिथं भांडण सुरू झालेलं आणि चौथीचा भागाकार परत पहिल्यापासून.

प्रत्यक्ष लिहायला चारच मिनिटं लागली असतील. बाकी सगळा वेळ उठण्यात, शोधण्यात आणि नंतर वर्ग परत जागेवर आणण्यात गेला, घड्याळात बघितलं तर तासाचा अर्धा भाग संपला होता. अख्ख्या दिवसात असे प्रसंग येत राहतात, स्वयंपाकीण ताई येऊन विचारतात आज किती तांदूळ काढू, सर येऊन विचारतात ते मागच्या महिन्याचं परिपत्रक कुठंय, मुलगा येऊन म्हणतो बाई माझी वही तपासली का. प्रत्येक वेळी बाई टेबलापाशी येऊन काहीतरी शोधणार. मला तर वाटतं की शिक्षकाचा वेळ कामात कमी जातो आणि शोधण्यात जास्त, फक्त शोधणं कुठल्या रजिस्टरला लिहिलं जात नाही म्हणून ते दिसत नाही.

टेबलावर काय काय होतं

शाळा सुटल्यावर आम्ही दोघींनी टेबल अक्षरशः रिकामं केलं. तिन्ही वर्गांच्या वह्यांचा एकच उंच ढीग. टाचण वही. दोन हजेरी पत्रकं. निपुण भारतचं एक पोस्टर, न लावलेलं. खडूचे तीन अर्धे बॉक्स. शिष्यवृत्तीचे जुने पेपर. पालकांनी आणून दिलेल्या आधारच्या झेरॉक्स, त्यातल्या काही अशा मुलांच्या की जी शाळा सोडून गेलीत. कुणाचा तरी पाण्याच्या बाटलीचा बूच. चार वर्षांपूर्वीचं निवडणूक ड्युटीचं पत्र. मेडिकलच्या बिलाची फाईल. आणि तळाशी एक कोरं, नवं शिक्क्याचं पॅड, पॅकिंगसकट.

एवढ्या वस्तूंमधल्या खरोखर रोज लागणाऱ्या सात-आठच होत्या. बाकीच्या महिन्यातून एकदा, वर्षातून एकदा किंवा कधीच नाही. पण सगळ्या एकाच थरात.

बाईंनी या आधी प्रयत्न केलेला होता बरं का. रंगीत फायली आणल्या होत्या, प्रत्येकीवर नाव, पोषण आहार, शिष्यवृत्ती, आधार, क्रीडा, स्वच्छता, पालकसभा. पंधरा-वीस फायली झाल्या. मग एखादं पत्र आलं की ते कुठल्या फायलीत जाणार हाच प्रश्न, पोषण आहाराच्या बँक खात्याच्या केवायसीचं पत्र आहारात घालायचं का बँकेत? प्रश्न पडला की कागद टेबलावर, नंतर लावू म्हणून. आणि नंतर काही येत नाही.

दिराचा सल्ला

इथून पुढचं श्रेय माझं नाही. बाईंचे दीर तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहेत. दिवाळीत घरी विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कागद विषयानं लावताय. आमच्याकडं कागद बघितला की पहिला प्रश्न, ह्याचं मला काय करायचंय आणि कधी."

महसूल खात्यात सहा गठ्ठे पद्धत म्हणून जी आहे ती हीच. कारकुनाच्या टेबलावरच्या प्रत्येक कागदाला सहापैकी एका गठ्ठ्यात जागा: आपण कार्यवाही करायची ती प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघायची ती, ठराविक तारखेला द्यायची नियतकालिकं, कायम लागणारे आदेश म्हणजे स्थायी आदेश संचिका, काम संपून अभिलेख कक्षात जाणारं, आणि नष्ट करायचं ते ड यादीतलं. अभिलेखांचं अ-ब-क-ड वर्गीकरणही त्याच शिस्तीतलं, अ म्हणजे कायम जपायचं, आणि खाली उतरत ड म्हणजे वर्षभराने काढून टाकता येणारं. नगरचे कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात कचेरीची मांडणी आणि कामाची पद्धत बदलली होती, लखिना पॅटर्न म्हणून जुने लोक अजून तिचं नाव काढतात, आणि त्यातही मुद्दा हाच की माणसाला आवळायच्या आधी त्याचं टेबल-कपाट नीट लावा. सरकारी कचेरीकडून शाळेने शिकावं असं काही आहे हे ऐकून आमच्या केंद्रातले बरेच जण हसले. हसू देत.

बाईंनी ते जसंच्या तसं उचललं नाही. पहिल्या तीन गठ्ठ्यांसाठी किराणा दुकानातून बिस्किटांचे रिकामे खोके आणले, पुढची बाजू कापून त्यांचे ट्रे केले. पहिल्यावर लिहिलं "आज", दुसऱ्यावर "वाट", तिसऱ्यावर "तारीख". चौथा म्हणजे कायमचे जीआर आणि परिपत्रकं, ती एका पंच केलेल्या फायलीत, नवं वर. पाचवा आणि सहावा कपाटाच्या खालच्या कप्प्यात.

"आज"मध्ये शाळा सुटताना जे उरेल ते दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी बघायचं, एवढाच नियम. "वाट"मधल्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर पेन्सिलीने कुणाची वाट आणि कधीपासून. ह्या ट्रेने मला सगळ्यात जास्त शिकवलं. बाईंच्या डोक्यावर ज्याचं ओझं होतं त्यातलं निम्मं काम त्यांचं नव्हतंच, ते दुसऱ्याकडे अडकलेलं होतं, कुणाच्या आधारमधली नावाची दुरुस्ती, पंचायत समितीकडे गेलेला दुरुस्तीचा प्रस्ताव, पालकाने आणायचं बँक पासबुक. पण टेबलावर ते बाकीच्यांच्यात मिसळलं की रोज दिसायचं आणि रोज जीव घाबरा करायचं. "तारीख"मध्ये मासिक पत्रक, पोषण आहाराचा मासिक अहवाल, समितीची बैठक. यांचे कोरे नमुने आधीच झेरॉक्स करून ठेवले, शाळेचं नाव, यू-डायस कोड आणि केंद्र भरलेले.

आहाराचा तक्ता आणि एकपानी

दोन गोष्टी मात्र गठ्ठ्यांच्या बाहेरच्या आहेत आणि माझ्या मते खरा वेळ त्यांनीच वाचवला.

पहिली ते पाचवीला माणशी रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे ३६ मुलं आली तर ३ किलो ६०० ग्रॅम तांदूळ, ७२० ग्रॅम डाळ, १८० ग्रॅम तेल. सोपं आहे, पण रोज साडेदहाला वर्ग सुरू होताना हे तोंडी करून सांगायचं आणि परत नोंदवहीत लिहायचं, एखाद्या दिवशी चुकायचं, मग महिनाअखेर ताळमेळ जुळत नाही म्हणून संध्याकाळ जायची. बाईंनी २० पासून ४१ पर्यंतच्या उपस्थितीचा तयार तक्ता करून एक प्रत किचनशेडच्या दाराला आणि एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. आता पाचवीचा मंत्री उपस्थितीचा आकडा पाटीवर लिहून ताईंना दाखवतो, त्या तक्त्यात बघून तांदूळ काढतात, बाई जागच्या हलत नाहीत. नोंद मधल्या सुट्टीत.

दुसरी गोष्ट एकपानी. नाव मी दिलं, चाललं. कुठलीही लिंक उघडा, मागतात तेच तेच: मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, रजिस्टर नंबर, स्टुडंट आयडी, आधार, प्रवर्ग, आता अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक). प्रत्येक वेळी बाई ते चार ठिकाणांहून गोळा करायच्या. आता प्रत्येक वर्गाचं एक आडवं पान, सगळे रकाने एकाच ओळीत, लॅमिनेट केलेलं. या शाळेत मोबाईलला रेंज फक्त किचनशेडमागच्या ओट्यावर येते, त्यामुळे अख्खं कपाट घेऊन ओट्यावर बसण्यापेक्षा एक पान घेऊन बसणं किती सोपं ते सांगायला नको. फक्त एक काळजी, आधार नंबर असलेलं पान भिंतीवर किंवा टेबलावर उघडं नको, ते कुलपाच्या ड्रॉवरमध्येच. काही शाळांत मी ही यादी चक्क नोटीस बोर्डवर बघितली आहे, ते साफ चूक आहे.

टेबलाची जागा, वह्या, नोंदी

टेबल आधी फळ्याच्या शेजारी होतं, दाराच्या तोंडाला. आलेला माणूस थेट टेबलावर. आणि मुलं वही दाखवायला रांग लावायची, रांग म्हटलं की ढकलाढकली आली. टेबल उचलून मागच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ करून ठेवलं. तिथून तिन्ही वर्ग दिसतात, फळ्यापाशी फक्त एक छोटं स्टूल, त्यावर खडू, डस्टर, हजेरी आणि टाचण वही. येणाऱ्यांसाठी व्हरांड्यात एक बाक टाकला आणि दाराबाहेर पाटी, दाखले मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर मिळतील. गावाने दोन आठवडे कुरकुर केली. मग सवय झाली. ज्याला खरंच एसटी गाठायची असते त्याला बाई आजही लगेच देतात, पण आता बोनाफाईडचं बुक, शिक्का, नवं पॅड आणि पेन एका जुन्या टिफिनच्या डब्यात एकत्र असतं आणि जनरल रजिस्टर वरच्या कप्प्यात एकटं असतं, त्याच्यावर काहीही ठेवायचं नाही.

जनरल रजिस्टरचं मी जरा जास्तच लावून धरते. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम आलं तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरं धुंडाळली गेली, काही ठिकाणी मोडी वाचणारे लोक बसवावे लागले, आणि ज्या शाळांत ती वाळवीने खाल्लेली किंवा पानं सुटलेली होती तिथं लोकांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. उत्तरपत्रिकांच्या ओझ्याखाली ठेवायची ती वस्तू नाही.

वह्यांचं एक साधं. प्रत्येक वर्गाचा वेगळा ट्रे, आणि वही मिटून द्यायची नाही, तपासायचं पान उघडं ठेवून एकात एक अडकवून गठ्ठा द्यायचा. वही घ्या, पान शोधा, तपासा, मिटा, यातलं पान शोधणं गेलं. शिवाय रोज एकाच वर्गाच्या वह्या, तिसरीच्या ९ असतील तर त्या मधल्या सुट्टीनंतरच्या वाचनाच्या वेळात होतात. रविवार सुटला.

वर्णनात्मक नोंदींचं मात्र लिहायला पाहिजे कारण तिथं सगळेच शिक्षक एकमेकांकडे बघून हसतात. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे, मुलाचं रोज निरीक्षण करून नोंद करायची हा त्याचा गाभा, आणि प्रत्यक्षात सत्र संपताना तयार नोंदींच्या पुस्तकातून "वाचन स्पष्ट करतो", "गटात सहकार्य करतो" असं सगळ्यांना वाटून दिलं जातं. नोंदवही कपाटात असेल तर दुसरं काय होणार. बाईंनी ती स्टुलाला दोरीने बांधली, पेनसकट. एका मुलाला एक पान, रोज दोन-तीन मुलांबद्दल एकच ओळ, आज जे खरंच दिसलं ते. एक ओळ मी वाचली, "हातच्याची वजाबाकी विसरते पण पैशात विचारलं की बरोबर सांगते." असली नोंद कुठल्या तयार पुस्तकात मिळणार? आणि सत्राच्या शेवटी पान समोर ठेवून उतरवायचं फक्त.

काय जमलं नाही

सरांनी त्यांच्या वर्गात यातलं काहीच केलं नाही. त्यांचं म्हणणं, मला माझ्या पसाऱ्यात सगळं सापडतं. आणि खरंच सापडतं त्यांना. पण ते रजेवर असले की बाईंना सापडत नाही, म्हणून शेवटी तडजोड अशी की सामाईक कागद फक्त बाईंच्या ट्रेत, बाकी सरांचं सर जाणोत.

सहावा गठ्ठा, म्हणजे नष्ट करायचं, तो अजून फुगतोच आहे. शिक्षकाला कागद फाडायची भीती असते, उद्या कुणी तपासणीला आलं आणि मागितलं तर? ड वर्गातलं यादी करून काढता येतं हे दिरांनी समजावलं, तरी पहिल्या वर्षी बाईंनी फक्त जुन्या चाचण्यांचे पेपर काढले, तेही पाठकोरे बाजूला ठेवून, मुलांना रफ कामाला.

खोक्यांचे ट्रे पावसाळ्यात सादळून बसले. मग भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट आले, दिसायला वाईट पण टिकाऊ.

आणि २०२४ ला दोन निवडणुका लागोपाठ आल्या, बाईंकडे बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम, तेव्हा सगळी घडी पार विस्कटली. मतदार यादीच्या चिठ्ठ्या, फॉर्म, भेटींच्या नोंदी, त्यांचा वेगळाच चौथा ट्रे झाला आणि तोच सगळ्यात जड. आरटीईच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायला जी बंदी आहे, तिच्यातून जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं वगळलेलीच आहेत, त्यामुळे तिथं तक्रारीला जागा नाही. त्याच वर्षी शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा जीआरही काढला, तो बाईंच्या स्थायी आदेशांच्या फायलीत सगळ्यात वर लावलेला आहे, आणि एखादं काम आलं की त्या तो उघडून बघतात. त्याने काम टळतंच असं नाही, पण विचारता तरी येतं. टेबल कितीही लावलं तरी दोन माणसांवर चार माणसांचं काम टाकलं तर ते चार माणसांचंच राहतं, हे कुणी या प्रकरणाच्या आडून झाकू नये. काही अधिकाऱ्यांना हा प्रयोग फार आवडला, त्याचं कारण मला जरा शंकास्पद वाटतं.

टाचण आता शाळेतच होतं, आठवड्यातून एखादा दिवस सोडून. बाईंनी घरी न्यायची पिशवी बंद केली, फक्त डबा नेतात. दुसऱ्या एका शाळेने हेच उचललं पण तिथं ट्रेवर विषयांचीच नावं लिहिली, महिन्यात जैसे थे.

एक कोपरा मात्र तसाच आहे. बंद पडलेला ई-लर्निंगचा टीव्ही, मोडक्या चार खुर्च्या आणि एक गंजलेली पेटी. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरला, नोंद असल्यामुळे फेकता येत नाहीत, निर्लेखनाला (नोंदीतून काढून टाकायला) मंजुरी लागते. प्रस्ताव गेलेला आहे, त्याची स्थळप्रत (आपल्याकडे ठेवायची प्रत) "वाट"च्या क्रेटमध्ये आहे, डोक्यावर पेन्सिलीने तारीख, आणि ती तारीख आता खोडून परत लिहायची वेळ आली आहे कारण पहिला प्रस्ताव जुन्या नमुन्यात होता म्हणून परत आला.